दोनदा जोडलेला खोका

मी एक खोका बोलतोय. पुठ्ठ्याचा नव्हे, चांगल्या अठरा मिलिमीटरच्या प्लायवुडचा. कोणी एकट्यानं मला उचलायला बघितलं तर अर्ध्यावरच खाली ठेवतं. मोटारीच्या डिकीत जो मोठा गोल स्पीकर लावतात, दुकानदार ज्याला वूफर म्हणतात, त्याचं घर म्हणून मला बनवलं होतं.

वूफरचं काम गाण्यातला खालचा, घुमणारा आवाज काढायचं. तो आवाज कानापेक्षा छातीत जास्त कळतो. पण वूफर कितीही भारी असला तरी पक्क्या खोक्याशिवाय तो नुसता फडफडतो. खोका जड हवा, ताठ हवा आणि हवाबंद हवा. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी आवाज फाटतो. हे मला माझ्याच अंगावर शिकावं लागलं, कारण पहिल्यांदा मला जोडलं तेव्हा मी फाटक्या आवाजाचा निघालो होतो.

माझा प्लाय तमिळ मुलखाच्या राजधानीत, जॉर्ज टाउनमधल्या एका वखारीतून आला. साल दोन हजार चार. तिथून टेम्पोनं मी आवडी नावाच्या उपनगरात गेलो. स्टेशनापासून दहा मिनिटांवर, केंद्र सरकारच्या क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत गुंडोरावांचं घर होतं. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, भिंतीवर करवती आणि रंधे, मागं स्वयंपाकघर. घरात माणसं दोनच, गुंडोराव आणि त्यांच्या पत्नी राजसबाई. मुलगी लग्न होऊन होसूरला गेलेली.

ही माणसं तंजावरकडची मराठी. त्यांच्या कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या. घरात बोलायची ती जुन्या वळणाची मराठी, तमिळ हेल काढून.

गुंडोरावांनी तीस वर्षं तिथल्याच एका संरक्षण कारखान्यात सुतारकाम केलं होतं. यंत्रांचे सुटे भाग ज्यांतून दूर सरहद्दीवर जात, त्या लाकडी पेट्या ते बनवत. त्यांची पेटी वाटेत कधी उकलली नाही, असं त्यांचे जुने सोबती येऊन सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी घरीच काम सुरू केलं. माउंट रोडजवळ गाडीच्या सामानाचं दुकान असलेले शेषगिरी त्यांना वूफरच्या खोक्यांची कामं देत.

मला कापायला घेतलं त्या दिवशीच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गुंडोरावांनी माझ्यावर पेन्सिलनं रेघ ओढली ती एक न उमटता दोन उमटल्या, जवळजवळ, वाकड्या. त्यांनी त्या खोडल्या आणि पुन्हा ओढल्या. त्यांचा उजवा हात कापत होता. नुसता ठेवला तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायची, जणू ते कायम गोळी वळत होते.

ते उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं दाबून धरत आणि तसंच काम करत. करवत रेघेवरून घसरे. स्पीकरसाठी पुढच्या फळीत गोल भोक पाडायचं, ते गोल झालंच नाही, एका बाजूला फुगलं. कडा एकमेकींना नीट भिडल्या नाहीत. त्या फटींत त्यांनी भुसा आणि सरस कालवून भरला, वरून काळं कार्पेट चिकटवलं. बाहेरून मी झकास दिसत होतो. राजसबाई दारातून बघत होत्या.

तसाच मी शेषगिरींच्या दुकानात गेलो आणि तिथून मकरंदच्या गाडीत.

मकरंद मिरजेचा. वय सत्तावीस, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. त्याच्याकडे जुनी मारुती झेन होती. दुकानात त्यानं शेषगिरींना सांगितलं होतं, की त्याला धांगडधिंगा नको आहे. त्याचे वडील देवळात भजनाला पखवाज वाजवायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या वाजवण्याची एक कॅसेट त्यानं सीडीवर उतरवून घेतली होती. पण गाडीच्या दारातल्या छोट्या स्पीकरमधून पखवाजाच्या डाव्या तोंडाचा आवाज येतच नव्हता. उजव्या हाताचे बोल नुसते टकटक ऐकू यायचे. त्याला वडिलांचा डावा हात ऐकायचा होता.

मला बसवल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यानं रस्त्याकडेला गाडी उभी केली आणि ती सीडी लावली. पखवाज सुरू झाला. डाव्या हाताची थाप पडली आणि माझ्या सगळ्या फटी एकदम बोलल्या. फर्र. प्रत्येक थापेला फर्र. मकरंदनं आवाज कमी केला, परत वाढवला. मग बंद केला आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. डिकीत मी शरमेनं मेलो होतो.

पुढच्या रविवारी तो शेषगिरींकडे गेला. शेषगिरी म्हणाले, "करणाऱ्यालाच जाऊन भेटा. आवडीला राहतो. तुमचीच भाषा बोलणारा आहे." त्यांनी पत्ता लिहून दिला.

मकरंद रागातच आला होता. गुंडोरावांनी दार उघडलं आणि त्याचं बोलणं ऐकून मराठीत म्हणाले, "या. बसा. उन्हांतून आलात, पाणी घ्या आधी." मकरंद पाणी प्यायला. मग त्यानं डिकी उघडून आवाज ऐकवला.

गुंडोराव म्हणाले, "गाडीचा पत्रा वाजतो आहे."

"काका, पत्रा नाही. मी खोका बाहेर काढून, घरात ठेवून बघितला. खोकाच वाजतोय."

"मग स्पीकरांत दोष असेल."

"स्पीकर मित्राच्या खोक्यात लावला होता. व्यवस्थित वाजला." मकरंदनं सीडी बंद केली. "काका, हे माझ्या वडिलांचं वाजवणं आहे. असं फाटलेलं मला ऐकवत नाही."

गुंडोरावांनी उजवा हात खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून घेतला. "ठेवून जा," ते म्हणाले. "आठ दिवसांनी ये."

मकरंदनं स्पीकरसकट मला तिथं ठेवलं आणि तो गेला.

तीन दिवस मी टेबलाखाली पडून होतो. गुंडोराव माझ्याकडे बघत आणि दुसरंच काही काम काढत. त्यांना सगळं कळत होतं. फट कुठं आहे, भोक कुठं फुगलंय, त्यांनी न बघताही सांगितलं असतं. पण मला उघडलं की पुन्हा त्याच हातानं जोडावं लागणार होतं.

चौथ्या दिवशी ते सरकारी दवाखान्यात हात दाखवायला गेले. राजसबाईंनी घर आवरलं, पदर खोचला आणि मला टेबलाखालून बाहेर ओढलं. मला वाटलं, फळ्या वेगळ्या करून चुलीत घालणार. त्यांनी आधी कार्पेट सोलून काढलं. मग एकेक स्क्रू सोडवून वाटीत ठेवला. सरस लागलेल्या कडा पटाशीनं हलक्या हातानं मोकळ्या केल्या. त्या हाताला घाई नव्हती. तीस वर्षं संध्याकाळच्या घरच्या कामात फळीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. सरस त्यांनीच शिजवला होता, पॉलिश पेपर त्यांनीच मारला होता. काम बघून बघून त्यांच्या हातात उतरलं होतं. कोणी ते त्यांना करायला सांगितलं नव्हतं, एवढंच.

गुंडोराव परत आले तेव्हा माझ्या सहा फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"कोणास विचारून उघडलंस?" ते म्हणाले.

"तुम्हांस विचारलं असतं तर नक्को म्हटलं असतं."

"ठेव तें खालीं."

राजसबाईंनी पटाशी खाली ठेवली. मग विचारलं, "डॉक्टर काय बोलले?"

गुंडोराव बाकावर बसले. हात मांडीवर होता आणि गोळी वळत होता. "वाढत जाईल बोलले. औषधानं थोडें दिवस बरं. मग हाच काय, दुसराही."

स्टेशनाकडून गाडी गेल्याचा आवाज आला. मग राजसबाईंनी पटाशी परत उचलली आणि माझ्या कडेवरचा जुना सरस खरवडायला घेतला. गुंडोराव बघत राहिले. मध्येच म्हणाले, "कोपऱ्यांत आंतून पट्टी दे. नुसत्या स्क्रूवर राहणार नाही तो."

"शरी, बरं," त्या म्हणाल्या.

असा मी दुसऱ्यांदा जोडला गेलो. पुढची फळी नवीन घेतली. त्यावर राजसबाईंनी मध्यभागी एक खिळा ठोकला, त्यात लाकडाची पट्टी अडकवली आणि पट्टीच्या टोकाला पेन्सिल धरून ती गोल फिरवली. रेघ एकच उमटली. प्रत्येक कडेला सरस, आतून पट्ट्या, आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू, म्हणजे लाकूड फुटत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये त्यांनी एक आडवा दांडा बसवला, माझी पोकळी ताठ राहावी म्हणून. आतल्या सगळ्या सांध्यांवरून बोटानं सिलिकॉन फिरवलं.

स्पीकर बसवल्यावर त्यांनी एक अगरबत्ती पेटवली. स्पीकरचा पडदा तळव्यानं हळूच आत दाबायचा आणि अगरबत्तीचा धूर सांध्यांजवळून फिरवायचा. कुठं फट असेल तर आतली हवा बाहेर येते आणि धूर हलतो. ही युक्ती गुंडोरावांची. पडदा दाबायला त्यांनी डावा हात पुढं केला, धूर राजसबाईंनी फिरवला. माझ्या बाराही कडांवरून धूर सरळ वर गेला.

"झालं," गुंडोराव म्हणाले. मग ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दुपारचे तीन वाजले होते.

रविवारी मकरंद आला. मला गाडीत बसवून त्यानं गल्लीतच सीडी लावली. भजनाचा पहिला आलाप झाला, टाळ आले आणि मग डाव्या हाताची थाप पडली. गोल, खोल, कणकेच्या ओल्या लेपावर पडलेली थाप. माझ्या पोटातून ती निघाली आणि कुठंही न फुटता बाहेर गेली. मकरंद गाडीतून उतरला आणि डिकीपाशी येऊन उभा राहिला. चष्मा काढून त्यानं शर्टाला पुसला.

मग तो गुंडोरावांसमोर वाकला आणि म्हणाला, "काका, मी तुम्हाला बोललो त्याचं वाईट वाटतं. तुमच्या हाताला तोड नाही."

गुंडोरावांनी ते ऐकून घेतलं. मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. राजसबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या नखांच्या कडेला सरस वाळलेला होता. त्या वळून आत गेल्या आणि कॉफी घेऊन आल्या.

माझा आवाज शेषगिरींनी ऐकला आणि कामं वाढली. वर्षभर राजसबाई खोके बनवत होत्या, पुढचं दार लावून घेऊन. मकरंद अधूनमधून गप्पा मारायला यायचा तेव्हा मी गल्लीत उभा असायचो आणि बंद दारामागून करवतीचा आवाज ऐकायचो. दार वाजलं की करवत थांबायची. मग गुंडोराव दार उघडायचे, अंगावर भुसा नसलेले. मकरंदला ते कधी खटकलं नाही. माणसं ज्याला मेस्त्री म्हणतात त्याच्याकडेच बघतात.

पुढच्या वर्षी, मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मकरंद त्याच्या ऑफिसातल्या कौमुदीला घेऊन आला. ती नाशिकची. तिलाही तिच्या गाडीत असाच खोका हवा होता. मकरंदनं डिकी उघडून तिला माझा आवाज ऐकवला. दार त्या दिवशी उकाड्यामुळं उघडं होतं आणि टेबलावर एक फळी होती, गोल आखून ठेवलेली.

मकरंद म्हणाला, "काका, एकदा करून दाखवा ना. हे हातानं होतं यावर हिचा विश्वासच बसत नाहीये."

राजसबाई कॉफीचे पेले घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अत्ता नक्को. दुपारीं करतील."

"दोनच मिनिटं, मावशी," मकरंद म्हणाला.

उघड्या डिकीतून मला सगळं दिसत होतं. गुंडोराव उठले. कापायचं छोटं मशीन त्यांनी उजव्या हातात घेतलं, डाव्या हातानं मनगट दाबलं आणि बटण चालू केलं. पातं फळीला लागलं आणि फळीवर नाचू लागलं. रेघ सोडून ते आत शिरलं, परत बाहेर आलं. कौमुदी एक पाऊल मागं सरली. राजसबाईंनी पेले तसेच हातात धरले होते.

गुंडोरावांनी बटण बंद केलं. मशीन थांबलं. हात थांबला नाही. मशीन खाली ठेवल्यावरही तो तसाच हलत होता, आणि आता तो सगळ्यांना दिसत होता.

मकरंद म्हणाला, "काका, राहू दे. आज बरं नसेल तर..."

"आज नव्हे," गुंडोराव म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. मजकडून होत नाही हें काम. तुझा खोका पहिल्यांदा मी केला तो फाटका निघाला. दुसऱ्यांदा हिनं जोडला. त्यानंतरचे सगळे हिनंच. तू माझा हात वाखाणलास आणि मी ऐकून घेतलं. ही तिथं दारांत उभी होती."

ते वळले. बाहेरच्या माणसांपुढं त्यांनी पत्नीला नावानं हाक मारलेली त्या गल्लीत कोणी ऐकली नव्हती. "राजस," ते म्हणाले, "ये. तू कर."

राजसबाईंनी पेले खिडकीत ठेवले. पदर खोचला. बिघडलेली फळी बाजूला करून दुसरी घेतली, खिळा ठोकला आणि गोल आखला. फळीचं दुसरं टोक धरायला कोणी हवं होतं. कौमुदी न सांगता पुढं झाली आणि तिनं ते धरलं.

काम झाल्यावर मकरंद चाचरत म्हणाला, "मावशी, मला माहीतच नव्हतं."

"तुला कसं ठाऊक असणार. दार लावून करत होत्यें."

ही गोष्ट शेषगिरींच्या कानावर गेली. ते स्कूटरवरून आवडीला आले. वाईट मनुष्य नव्हते. गुंडोरावांना म्हणाले, "काम कोण करतं याच्याशी मला काही घेणं नाही. पण गिऱ्हाइकाला सांगायचं कशाला? नाव तुमचंच चालू द्या."

"नाव तिचं सांग," गुंडोराव म्हणाले.

"मग मला अवघड होईल."

अवघड झालं. चार महिने दुकानाकडून एकही काम आलं नाही. राजसबाई क्वार्टर्समधल्या बायकांना देवघरं आणि पाट करून देत होत्या. मकरंद एकदा आला तेव्हा दोघं दारातच बसली होती. गुंडोराव त्याला म्हणाले, "मी बोललों तें चुकलं काय रे? हिला काम राहिलं नाही."

राजसबाई रंधा मारत होत्या. न थांबता म्हणाल्या, "मला दार उघडून काम करायला बरं वाटतं. उजेड असतो."

पुढं कौमुदीनं आपल्या ऑफिसात सांगितलं, तिथून आणखी कोणाला कळलं, आणि शोळिंगनल्लूरहून गाड्या या गल्लीत येऊ लागल्या. फार नाही, महिन्याला दोन-तीन. तेवढ्यानं हात चालू राहिला.

माझी स्वतःची वर्षं बरी गेली. मकरंद रोज ऑफिसला जाताना गाणी लावायचा. वडिलांची सीडी मात्र क्वचित, समुद्राकडच्या रस्त्याला एकटाच असला की. सुरुवातीला तो ती ऐकताना गाडी थांबवायचा. नंतर चालवता चालवता ऐकू लागला. एकदा त्यानं स्टिअरिंगवर डाव्या हातानं ठेका धरला, तेव्हा त्याचं दुःख जरा निवलं असावं असं मला वाटलं.

दोन हजार आठमध्ये त्याची पुण्याला बदली झाली. गाडी विकायची ठरली. घेणाऱ्याला डिकी रिकामी हवी होती. मकरंदनं वूफर काढून सामानात बांधला. माझ्यासाठी जागा नव्हती. शेवटच्या रविवारी तो मला घेऊन आवडीला आला.

गुंडोरावांना मी तीन-चार महिन्यांनी बघत होतो. आता दोन्ही हात हलत होते, बोलणं अगदी बारीक झालं होतं, ओठांशी कान नेला तरच कळेल एवढं. त्याच आठवड्यात ते प्लास्टिकच्या खुर्चीवरून पडले होते. बसताना खुर्ची मागं सरकली होती. कपाळावर पट्टी होती.

मकरंद म्हणाला, "मावशी, हा इथं ठेवतो. फळ्या सोडवून वापरल्यात तरी चालेल."

"फळ्या सोडवायला नाही जोडला," राजसबाई म्हणाल्या.

तो त्या दोघांच्या पाया पडला. गुंडोराव काहीतरी बोलले. मकरंदनं कान जवळ नेला, ऐकलं आणि मान हलवली. ते काय होतं ते मला ऐकू आलं नाही. मग तो गेला.

दुसऱ्या दिवशी राजसबाईंनी माझं कार्पेट काढलं, अंग घासून गुळगुळीत केलं, खाली चार जाड पाय दिले, मागं पाठ आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे बसवले. मी जड, त्यामुळं सरकत नाही. माझ्यावरून उठायला गुंडोरावांना कोणाचा आधार लागत नाही. स्पीकरचं गोल भोक बाजूला आलं आहे. त्यात राजसबाई पॉलिश पेपर आणि स्क्रूंचे डबे ठेवतात. माझ्यातून आता कसलाच आवाज निघत नाही.

रोज सकाळी त्या गुंडोरावांना आंघोळ घालून माझ्यावर आणून बसवतात, दाराशी, कामाच्या टेबलासमोर. ते दिवसभर बघत असतात. कुठं चुकतंय असं वाटलं की माझ्या दांड्यावर बोटांनी वाजवतात. राजसबाई थांबतात, बघतात. कधी दुरुस्त करतात. कधी म्हणतात, "बरोबर आहे तें," आणि पुढं चालू लागतात.

नवीन माणूस आला की दारात बसलेल्या गुंडोरावांनाच विचारतो, "मेस्त्री कोण?" गुंडोराव आता बोलू शकत नाहीत. ते हात उचलतात. हात हवेत भरकटतो, कधी भिंतीकडे जातो, कधी रस्त्याकडे, कधी विचारणाऱ्याच्याच अंगावर. पुष्कळ माणसं तेवढ्यात कंटाळून दुसरीकडे बघतात किंवा आत हाक मारतात.

तुम्ही कधी त्या गल्लीत गेलात आणि तुम्हालाही कोणाला विचारावं लागलं, तर एवढं करा. घाई करू नका. त्यांचा हात राजसबाईंकडे पोचायला थोडा वेळ लागतो.